उसनी लाइफ

चाकणच्या ट्रॅफिकला कुणी चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणणार तरी कोण? पहिली शिफ्ट सुटते, कंपनीची बस गेटबाहेर पडते आणि तळेगाव चौकात येऊन जी रुतते ती रुततेच. लोक शिव्या घालतात, घोरतात, बायकोला फोन करून उशिराचं कारण सांगतात, जे तिला आता तोंडपाठ झालेलं असतं. पण त्या बसमध्ये खिडकीशी बसणारा सुजित नावाचा एक गडी असा होता, की बस अडकली की त्याचा चेहरा उजळायचा. बस थांबली म्हणजे मोबाइल हातात स्थिर राहतो, आणि ताईबरोबर नीट खेळता येतं. एवढंच त्याचं गणित होतं.

तुम्ही म्हणाल, तिशीला टेकलेला माणूस, नुकतंच लग्न झालेलं, आणि हा पोरासारखा बटणं दाबत बसतो? बसमधलेही तेच म्हणायचे. मागच्या सीटवरचा एहसान रोज मान पुढे काढून विचारायचा, "काय राव, आज किती मारले?" सुजित नुसता हसायचा. सांगणार काय? पलीकडून खेळतेय ती माझी थोरली बहीण आहे, तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आणि आत्ता या घडीला तिच्या डाव्या हातात दोन जाड सुया आहेत, असं कुणी बसमध्ये सांगत सुटतं का?

बहिणीचं नाव वर्षाली. लग्न होऊन पुनावळ्याला गेलेली. नवरा गणराज हिंजवडीत कामाला. माणूस सरळ, जीव लावणारा. मुलगी झाली तेव्हा वर्षालीचं बीपी चढलं, रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या, आणि तिथून जे बिघडत गेलं ते थेट डायलिसिसपर्यंत येऊन ठेपलं. आठवड्यातून तीनदा दुपारी सेंटरवर जायचं, हात मशीनला जोडून तासन् तास पडून राहायचं. किडनी बदलली तर सुटका. पण द्यायची कुणी? वडील आता हयात नाहीत. आई कुसुमताईंना शुगर. गणराजचा रक्तगट वेगळा. उरला सुजित.

सुजितचा आणि तिचा रक्तगट एकच निघाला, त्या दिवशी कुसुमताईंनी पेढे आणले होते. सुजितची बायको स्वप्नाली एक संध्याकाळ रडली, आणि मग स्वतःच म्हणाली, "द्या. मला भीती वाटते म्हणून तुम्ही थांबू नका." आता नव्या नवरीने असं म्हणायला काय छाती लागते ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. एकेक तपासणी पार पडत गेली. आणि अगदी शेवटच्या तपासणीत, दोघांचं रक्त एकत्र करून बघतात त्यात, घोडं अडलं. तिला पूर्वी रक्त दिलं होतं, बाळंतपण झालं होतं, त्यामुळे तिच्या रक्तात असं काही तयार झालं होतं की सुजितची किडनी तिच्या अंगात टिकलीच नसती. डॉक्टरांनी हे सगळं पंधरा मिनिटं समजावलं, पण घरी पोहोचेपर्यंत त्यातलं एकच वाक्य उरलं. मॅच होत नाही.

सुजित कंपनीत तपासणीच्याच खात्यात. पार्टच्या भोकात गेज घालायचा. गेला तर ओके, नाही गेला तर लाल खोक्यात. दिवसभर लोखंडाला रिजेक्ट म्हणणाऱ्या माणसाला स्वतःलाच कुणीतरी लाल खोक्यात टाकलं. वर्षालीला ते सांगायला तोच गेला. ती भाजी निवडत होती. ऐकलं, आणि म्हणाली, "बरं." पुढे म्हणाली, "जेवून जा." बस्स. सुजितला वाटलं, ताईचं काळीज मोठं आहे. बापडा तेवढ्यावरच राहिला.

पण घरात स्वस्थ बसवेना. धडधाकट माणूस, दोन किडन्या घेऊन हिंडतोय, आणि त्यातली एकही बहिणीच्या उपयोगाची नाही. देवस्थानांना जाऊन झालं, दुसऱ्या हॉस्पिटलात विचारून झालं, सरकारी यादीत तिचं नाव लागलं. मग काय करायचं? हात चोळत बसायचं. अशात एकदा वर्षाली बोलता बोलता म्हणाली, "तिथं दुपार संपत नाही रे. शेजारचे झोपतात, फोनवर बोललं तर सिस्टर रागावते. छताकडे बघून बघून मला त्याच्यावरच्या भेगासुद्धा पाठ झाल्यात." आणि सुजितच्या डोक्यात गेम आला.

त्याचं असं होतं. ही दोघं लहान असताना चिखलीत, वर्कशॉपच्या रांगेमागच्या एका खोलीत वाढलेली. वडील नाइट शिफ्ट करून सकाळी येऊन झोपायचे. बाजारातून त्यांनीच आणून दिलेला व्हिडिओ गेम होता, कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची, तो. त्यात एक गेम होता, लाल आणि निळ्या शिपायाचा. लाल सुजितचा, निळा ताईचा. दर टप्प्याच्या शेवटी लोखंडी दरवाजा. दोघांनी दोन दगडांवर उभं राहिल्याशिवाय तो उघडायचा नाही. वर कोपऱ्यात दोघांच्या टोप्या असायच्या. जितक्या टोप्या, तितक्या लाइफ. आपल्या सगळ्या संपल्या तर उडीचं आणि गोळीचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबायची. मग आपली रिकामी टोपी लुकलुकायची, म्हणजे आपण लाइफ मागतोय. दुसऱ्याने सिलेक्टचं बटण दाबलं की त्याची एक टोपी आपल्याकडे यायची. मागितल्याशिवाय देता यायची नाही, आणि दिल्याशिवाय घेता यायची नाही.

वडील झोपलेले, त्यामुळे आवाज बंद आणि तोंडही बंद. खेळताना एक अक्षर बोलायचं नाही हा घरचा नियमच झाला. वर्षाली खेळात अगदी ढ. खड्डा दिसला की त्यात पडायचीच. मरायची, समोर बघत गुपचूप दोन्ही बटणं दाबायची, आणि सुजित तितक्याच गुपचूप एक टोपी द्यायचा. एरवी हा पोरगा इतका चिकट की पेरूची फोड मागितली तर त्यातली एक बी तेवढी काढून देईल. पण ताईने लाइफ मागितली आणि याने दिली नाही, असं कधी झालं नव्हतं.

तोच गेम आता मोबाइलवर मिळतो हे सुजितला कळलं. एक ॲप असतं, त्यात जुनी सगळी मशीनं कोंबलेली. टीव्हीला जोडायची ती, हातातली ती, दुकानात नाणं टाकून खेळायची ती. आपण फक्त सांगायचं, आज हे मशीन हो. की ते तसं वागायला लागतं. जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघासुद्धा दाखवतं. सुजितने एका संध्याकाळी पुनावळ्याला जाऊन ताईच्या फोनमध्ये ते बसवलं. तिचा डावा हात मशीनला बांधलेला, हलवायचा नाही. म्हणून पडद्यावरची सगळी बटणं ओढून उजव्या अंगठ्याखाली आणली. कुठेही डाव थांबवून तिथूनच पुन्हा सुरू करायची सोय होती, तीही लावून दिली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नेटवरून दोघांनी दोन ठिकाणांहून एकच गेम खेळायचा. सुजितने डाव उघडायचा, ताईने त्यात शिरायचं.

"बोलायचं नाही हं," वर्षाली म्हणाली. तिला नियम आठवत होता. दोघंही हसली.

पहिले काही दिवस झकास गेले. पण एका हाताने खेळणारी, मुळात ढ, ती टिकणार किती? भराभर मरायची. मागायची, सुजित द्यायचा; परत मरायची, परत मागायची. खिडकीशी बसलेल्या सुजितला ती लुकलुकणारी टोपी बघवेना. एकदा तर त्याच्याकडची शेवटची टोपी देऊन झाली आणि त्यानंतरही ती टोपी लुकलुकत राहिली. त्याला वाटलं, हिला किती वेळा मागायला लावायचं? निदान इथे तरी मागायची वेळ येऊ नये.

इथेच भावाने अक्कल पाजळली. त्या ॲपमध्ये चीटची, म्हणजे गेमला फसवायची, सोय होती. यादीत एक ओळ होती, दुसऱ्या खेळाडूच्या लाइफ कधीच कमी होणार नाहीत अशी. सुजितने ती चालू केली. स्वतःच्या फोनवर. ताईच्या फोनमध्येही तेच केलं पाहिजे, हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारणार कुणाला? त्या दिवसापासून खेळताना पडद्याच्या तळाशी एक पिवळी ओळ यायला लागली, इंग्रजीत, बारीक. दोन्हीकडचं जुळत नाही, असं काहीतरी. चाकणला नेट असतंच कुठे धड, म्हणून त्याने ती सरकवून दिली. रोज रोज यायला लागली तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन कायमची बंद केली.

आणि मग काय विचारता. निळा शिपाई मरेचना. पडायचा, की परत उभा. गोळी लागायची, की परत उभा. दोघांनी मिळून असे टप्पे पार केले जे लहानपणी बघितलेसुद्धा नव्हते. निळा तर नुसता उधळला होता. शत्रू असो नसो, जागच्या जागी उड्या मारतोय आणि गोळ्या झाडतोय. लाल पुढे गेला की सरकता पडदा निळ्यालाही ओढत दगडापर्यंत आणायचा. सुजितला हसू यायचं. ताईला असं मोकळं, बिनधास्त खेळताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. घरी गेला की आईला सांगायचा, "आज ताई लई खेळली." कुसुमताईंना गेममधलं काही कळत नव्हतं, पण त्या देवापुढे हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या लेकराला तेवढाच विरंगुळा." संध्याकाळी तो ताईला मेसेज टाकायचा, "काय उड्या मारत होतीस आज!" तिचं उत्तर म्हणून एक हसरा चेहरा यायचा. कधी कधी तोही उशिरा यायचा.

स्वप्नालीने एकदा त्याला विचारलं, "ताई आपल्याकडे येत का नाहीत हल्ली? फोनवर माझ्याशी बोलतात, पण गोड गोड, पाहुण्यासारखं." सुजित म्हणाला, "अगं थकते ती." थकत होतीच. पण स्वप्नालीच्या कानांनी टिपलं ते याच्या डोळ्यांना दिसलं नाही.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या गुरुवारी गणराजला ऑफिसात अडकून पडावं लागणार होतं, म्हणून ताईला सेंटरवर न्यायला सुजित गेला. रिक्षातून उतरताना तिचा हात धरला तर मनगट त्याच्या मुठीत मावून वर जागा उरली. तिला आत नेलं, त्याला बाहेर बाकावर बसवलं. थोड्या वेळाने त्याने डाव उघडला, ती शिरली. मधे फक्त एक भिंत. निळा शिपाई नेहमीप्रमाणे पडला, उठला, आणि उड्या मारायला लागला. सुजितला वाटलं, आज आपण जवळ आहोत म्हणून स्वारी खुशीत आहे.

मंतशा नावाची सिस्टर दार उघडून म्हणाली, "वर्षालींच्या बरोबर कोण आहे? त्यांना थंडी वाजतेय, शाल असेल तर द्या." शाल पिशवीत होती. एका हातात शाल, दुसऱ्या हातात चालू गेमचा फोन, असा तो आत गेला.

वर्षालीचं लक्ष नव्हतं. ती उशीला टेकून पडद्याकडे बघत होती. सुजितने शाल तिच्या पायांवर टाकली आणि सहज तिच्या फोनकडे पाहिलं. आधी त्याला वाटलं, दुसराच गेम लागलाय. तिच्या पडद्यावर निळा शिपाई नव्हताच. एकटा लाल होता, लोखंडी दरवाजाकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ फिरवून उभा. त्याच्या टोप्या वर कोपऱ्यात ओळीने मांडलेल्या, भरपूर. शेजारी निळ्याची एक रिकामी टोपी लुकलुकत होती. आणि वर्षालीचा अंगठा दोन्ही बटणांवर पडत होता. थांबायचा, पडायचा. सुजितने आपल्या फोनकडे पाहिलं. तिचा अंगठा पडला की इकडे निळा उडी मारत होता आणि गोळी झाडत होता.

त्याने आपला फोन तिच्या फोनशेजारी धरला.

"ताई, तुझा निळा कुठाय?"

"तो मघाशीच मेला की." ती दचकली नाही. "रोजच मरतो सुरुवातीला."

"रोज? मग तू रोज करतेस काय एवढा वेळ?"

तिने फोन पालथा करून पोटावर ठेवला. "काही नाही रे. मागत बसते. जुनी सवय."

सुजितला स्टूल सापडेना, तो तसाच पलंगाच्या कडेला टेकला. हळूहळू सगळं बाहेर आलं. चीट चालू केल्यापासून तिच्या पडद्यावर एक डाव चालला होता आणि याच्या पडद्यावर दुसरा. ॲप फक्त दाबलेली बटणं पोहोचवतं. त्या बटणांचं काय व्हायचं ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ठरतं. याच्याकडे निळा अमर होता, तिच्याकडे तो मरून जायचा. निळा नाही म्हणून दगडावर दुसरं कुणी नाही, म्हणून तिच्याकडे दरवाजा उघडायचा नाही; आणि सुजितचा लाल त्या बंद दरवाजाला नाक लावून तास तास पुढे चालत राहायचा, गोळ्या झाडत राहायचा. पुढच्या वेळी याने डाव उघडला की ती एकदम पुढच्याच टप्प्यात उगवायची. तिला वाटायचं, हा घरी एकटा खेळून पुढे जातो, आणि आपल्याला नुसतं बोलवायचं म्हणून बोलवतो.

"अगं मग विचारायचं नाही का?"

"खेळताना बोलायचं नाही ना," ती म्हणाली. "आणि तू संध्याकाळी लिहायचास, काय उड्या मारत होतीस म्हणून. मला वाटलं चेष्टा करतोस. म्हटलं, करू दे. त्याला तरी कसं सांगता येणार."

"काय सांगता येणार?"

वर्षालीने मान मशीनकडे वळवली. मशीनचं चाक फिरत होतं. सुजितने घाईघाईने समजवायला सुरुवात केली. चीट दाखवलं, बंद केलेली पिवळी ओळ दाखवली, हात हलवून हलवून सांगितलं. आणि सांगता सांगता त्याच्या तोंडून गेलं, "मी देत नव्हतो असं नाही ताई. इकडचं आणि तिकडचं मॅच होत नव्हतं."

बोलला, आणि त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं.

वर्षालीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेनेच. लहान भाऊ खोटं बोलताना पकडला जातो, आणि बहीण ठरवते की आता याला अडचणीत आणायचं नाही, तसं. "बरं," ती म्हणाली. भाजी निवडताना म्हणाली होती तेच, त्याच आवाजात. "होतं असं कधी कधी. नाही होत मॅच." आणि तिने डोळे मिटले.

शेजारच्या पलंगावर छबूबाई होत्या. पुनावळ्याच्या जुन्या घरच्या; ज्यांच्या उसात आता टॉवर उभे आहेत त्यांपैकी एक. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "भाऊ व्हय तू हिचा?" त्यांनी विचारलं. "मनाला लावून घिऊ नगंस. माझा पुतन्या बी आधी हाय म्हनला, मग त्याच्या बायकूनं डोळं वटारलं. डाक्टर मला येऊन काय म्हनला? मॅच न्हाई म्हनला. समद्यास्नी तेच सांगत्यात. कुनी न्हाई म्हनलं तरी पेशंटला तसं सांगत न्हाईत, घरात वाईटपना नगं म्हनून. चांगलीच रीत हाय ती. मीच हिला समजावलं, पोरी, भावावर राग धरू नगंस."

"अहो, पण माझं खरंच मॅच झालं नाही," सुजित म्हणाला.

"व्हय की," छबूबाई समजुतीने म्हणाल्या. "खरंच म्हनत्यात समदी."

सुजितने ताईकडे पाहिलं. तिच्या पापण्या मिटलेल्या होत्या, पण ती झोपलेली नव्हती; पालथ्या फोनवर तिचा अंगठा हलत होता. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगणार काय? रिपोर्ट आणून दाखवायचा, तर नाही म्हणणाऱ्याच्या हातातही तसाच रिपोर्ट असतो. डॉक्टरला बोलवायचं, तर डॉक्टर तेच वाक्य म्हणणार. स्वप्नालीला पुढे करायचं, तर ती बिचारी रडेल, आणि रडली म्हणजे झालंच. जो जो पुरावा त्याच्या डोक्यात येत होता, तो तो खोट्या माणसानेही आणला असता. त्याने आजवर इतके पार्ट तपासले, पण खरं आणि खोटं इतकं एकसारखं कधी हाताला लागलं नव्हतं.

परतताना रिक्षात तो पुन्हा बोलला. शपथ घातली, आईची घातली. वर्षाली म्हणाली, "अरे, मी काही म्हटलंय का? आणि स्वप्नालीला यातलं काही बोलू नकोस हं. तिचं काही चुकलं नाही. नवं लग्न आहे तुमचं. तिच्या जागी मी असते तर मीही अडवलं असतं."

"तिनं अडवलं नाही गं ताई."

"बरं बाबा, नाही अडवलं," वर्षाली म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला. सुजितला रडू आवरेना, आणि तो रडतोय हे बघून तिची तर खात्रीच पटली. तीच त्याची समजूत घालत राहिली. पुनावळ्याच्या गेटवर उतरताना म्हणाली, "असं मनात कुढत बसू नकोस. मला खरंच राग नाही." आणि तिला राग नव्हताच. राग असता तर भांडून काढता आला असता.

त्या संध्याकाळी सुजितने चीट काढून टाकलं. पिवळी ओळ परत चालू केली, दोन्ही फोनमधलं ॲप सारखं आहे ना ते गणराजकडून तपासून घेतलं. शनिवारी बस तळेगाव चौकात अडकली तेव्हा त्याने डाव उघडला. ताई शिरली. पिवळी ओळ आली नाही. याचा पडदा आणि तिचा पडदा, आता सगळं तंतोतंत जुळत होतं.

निळा शिपाई जपून खेळला. एका हाताने जेवढं जपता येईल तेवढं. मग खड्ड्यात पडला. मग गोळी लागली. मग शेवटची टोपीही गेली, आणि लाल एकटाच राहिला, वर कोपऱ्यात भरपूर टोप्या घेऊन. सुजितने अंगठा सिलेक्टवर तयार ठेवला होता. आता मागेल, की लगेच द्यायची. सगळ्या द्यायच्या.

रिकामी टोपी लुकलुकली नाही.

त्याने वाट पाहिली. त्याने सिलेक्ट दाबलं. गेमने घेतलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. मागून एहसानने मान पुढे काढली आणि विचारलं, "काय राव, अडकलास होय?" लालला तिथेच दरवाजापाशी उभं ठेवून सुजितने मेसेज लिहिला, "ताई, माग ना. आहेत माझ्याकडे."

ती लिहितेय असं बराच वेळ दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

"राहू दे रे. तुला लागतील." आणि पुढे नेहमीचा हसरा चेहरा.